दुसरं कडवं कोणी ऐकलं?

मी एक जुना हेडफोन आहे. शाळेच्या संगणक खोलीत खिडकीकडच्या टेबलाशेजारी एका वाकड्या खिळ्याला लटकलेला असतो. माझ्या डाव्या कानाची गादी सोलवटली आहे. उजव्या कानाची गादी कुणीतरी नखांनी टोकरून टोकरून संपवली आहे. कोणी, ते मला पक्कं ठाऊक आहे, पण पुरावा नाही म्हणून गप्प आहे. डोक्यावरची पट्टी दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा चिकटपट्टीवर भागवण्यात आलं. तरी माझा आवाज अजून खणखणीत आहे बरं का.

मित्रांनो, हा शब्द उच्चारताना मी जरा कचरतो. आजवर ज्या ज्या आवाजांनी मला गंडवलं, त्यातल्या एकूण एकाची सुरुवात 'नमस्कार मित्रांनो' अशीच होती. पण आत्मवृत्त सांगायचं तर दुसरा शब्द कुठून आणू? म्हणून मीही मित्रांनोच म्हणतो. तुम्ही आपले सावध राहा, माझ्याही बाबतीत.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने तार जोडली, दुसरीने गाद्या बसवल्या, तिसरीने तोंडापुढे येणारा माइक खुपसला. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायची. तिचं काम एवढंच, की आम्हाला कानांवर चढवायचं आणि दोन्हीकडची शिट्टी ऐकायची. ती प्रत्येकाला दोनदा ऐकायची. शेजारीण वैतागायची, "अगं, एकदा ऐकलं की टाक पुढे. ढीग बघ केवढा साचलाय!" ही म्हणायची, "एकदा ऐकलं की वाटतं, ऐकलं. खरं ऐकू येतं ते दुसऱ्यांदा." मग तिने मला खोक्यात ठेवलं, आणि त्या टेबलाशी माझा संबंध संपला.

शाळेत आलो तेव्हा आम्ही अख्खी फौज होतो. आमचा ताबा संगणक खोलीच्या काकांकडे. काका म्हणजे संशयाचं चालतंबोलतं दुकान. तास सुटला की दारात आडवे उभे राहायचे आणि प्रत्येक पोराच्या खिशाकडे बघायचे. "फुगलाय कशाने?" "काका, रुमाल आहे." "दाखव." रुमालच निघायचा, तरी काकांचं समाधान व्हायचं नाही. "आज रुमाल आहे, उद्याचं काय सांगावं?" असं पुटपुटत ते मुलाला सोडायचे. माझा स्वभाव घडला तो त्यांच्या हाताखाली. वाण नाही पण गुण लागला.

सुरुवातीला माझं कौतुक काय वर्णावं! कानावर चढवल्यावर पोरं डोळे विस्फारून एकमेकांकडे बघायची. बाहेर गोंगाट, आणि इथे कानाशी एक आवाज फक्त त्यांच्याचसाठी बोलतोय. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पाहुण्यांना मुद्दाम ही खोली दाखवायला आणायच्या. "आता जगभरचे शिक्षक आमच्या मुलांच्या कानाशी आलेत," असं म्हणायच्या. मीही फुगायचो. पुढे ऐकत गेलो तसतशी ही फुगलेली हवा निघून गेली.

कारण जगभरचे शिक्षक आले, तसे जगभरचे भामटेही आले! 'अख्खा धडा पाच मिनिटांत' असं म्हणणारा पहिली तीन मिनिटं स्वतःचंच नाव सांगायचा. एकजण गणित छान शिकवायचा, पण गणित ऐन रंगात आलं की थांबून विचारायचा, "पुढचं बघायचंय? आधी आईबाबांचा फोन नंबर भरा." एक ताई इतकं गोड बोलायच्या की पोरं माना डोलवायची, आणि शेवटी विचारलं काय कळलं, तर ताईंचा आवाज छान होता एवढंच कळलेलं असायचं. एका ठिकाणी तर 'ज्ञानाचा सागर' असं नाव होतं, आणि आत सगळे धडे दुसऱ्यांचे उचललेले. मूळ मास्तरांची शिंकसुद्धा तशीच ठेवलेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी मनातल्या मनात खरखरायचो. पोरं मला टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "हा हेडफोन बिघडलाय."

सगळेच तसे होते असं मात्र नाही. एक खोकणारे मास्तर होते. कुठल्यातरी घरातल्या खोलीत बसून शिकवायचे. मागे कुणीतरी भांडी घासत असायचं. आवाज जाडाभरडा, दर चार वाक्यांनी खोकला. पण धडा सुरू करण्याआधी ते म्हणायचे, "मागच्या वेळी मी एक चूक केली होती. एका मुलीने कळवलं. आधी ती दुरुस्त करू, मग पुढे जाऊ." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडलो. स्वतःची चूक आपणहून सांगणारा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. त्यांच्यावर मी विश्वास ठेवला, म्हणजे माझ्या स्वभावाला जमेल तेवढा. मुलं मात्र त्यांना अर्ध्या मिनिटात बंद करायची. खोकला कोण ऐकणार?

मग नव्या बाई आल्या. जीवशास्त्र शिकवायला. त्यांना एका वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. मुलांचे निकाल नीट लागले तर कायम करू, नाहीतर नमस्कार. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते आणि मिळवती ही एकटीच. हे सगळं मला कसं माहीत, असं विचाराल. रिकाम्या तासाला त्या इथे येऊन बसायच्या, घरी बोलायच्या तेव्हा मी गळ्यात असायचो. "हो बाबा, करतील कायम. तुम्ही औषध घेतलंत का?" एवढं बोलून त्या फोन ठेवायच्या आणि घटकाभर नुसत्या पडद्याकडे बघत राहायच्या.

बाई मनापासून शिकवायच्या, यात मला शंका नाही. आणि मला शंका नाही अशी गोष्ट जगात सापडणं कठीण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'होयबा' म्हणायचे. बाई काही बोलल्या की ही आपली मान हलवून "हो बाई, हो बाई." बाईंनी फळ्यावर उद्या हत्तीला पंख काढले असते तरी हिने वहीत रंगवून आणले असते. पोरं चिडवायची, पण तिला त्याचं काही नव्हतं. बाई म्हणजे तिचं दैवत.

हृदयाचा धडा आला. बाईंनी फळ्यावर चित्र काढलं, कप्पे दाखवले, डावं-उजवं व्यवस्थित लिहून दिलं. तरी मुलांचा गोंधळ काही मिटेना! हृदयाचं चित्र बघताना सगळ्यांचीच फसगत होते. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून चित्रात जे आपल्या डाव्या हाताला दिसतं ते त्याचं उजवं असतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते असं. बाई रिकाम्या तासाला माझ्याकडे आल्या आणि काहीतरी सोपं सापडतंय का ते शोधायला लागल्या.

आधी त्यांना खोकणारे मास्तर सापडले. मास्तर नेमकं हेच समजावत होते, "छातीवर हात ठेवा. आता चित्रातल्या माणसाच्या जागी स्वतः उभे राहा." बाईंनी थोडं ऐकलं, मागे भांडं पडल्याचा आवाज झाला, त्या हसल्या. "चांगलं आहे हो, पण पोरं झोपतील," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी पुढचं उघडलं. मग एक गाणं लागलं.

गाणं झकास होतं, हे मी शत्रू असूनही कबूल करतो. ढोलकीसारखा काहीतरी ठेका, खेळकर आवाज. पहिल्या कडव्यात हृदय मुठीएवढं असतं, त्याला चार कप्पे असतात, ते कधी सुट्टी घेत नाही, असं सगळं. अगदी बरोबर. बाईंचा पाय टेबलाखाली ठेका धरायला लागला. लाखो लोकांनी ते ऐकलं होतं, खाली शेकडो शिक्षकांनी 'फारच उपयुक्त' असं लिहून ठेवलं होतं. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी मला काढून खिळ्याला अडकवलं आणि वर्गात जाऊन सांगितलं, "हृदयावर एक मस्त गाणं आहे. सगळ्यांनी ऐका. पाठच करून टाका."

दुसरं कडवं त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून एकेक पोर येऊन मला डोक्यावर चढवायचं आणि तेच लावायचं.

'उजवा कप्पा पैलवान,
साऱ्या देहाला देतो प्राण!
डावा कप्पा पोस्टमन,
फुफ्फुसापाशीच त्याचं मन!'

मला पहिल्याच दिवशी खटकलं. मास्तरांनी तर उलटं सांगितलं होतं. शरीरभर रक्त ढकलणारा दांडगा कप्पा डावीकडचा, आणि फुफ्फुसांकडे पाठवणारा उजवीकडचा. गाणारा चित्राकडे बघून गात होता, स्वतःच्या छातीवर हात ठेवून नव्हे! पण मी कोणाला सांगणार? मला तोंडापुढे माइक आहे, तोंड नाही. मी जीव तोडून खरखरलो. होयबाने तार हलवून बघितली, फुंकर मारली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. वाईट याचंच वाटतं, की गाण्यात डावा-उजवा यांची अदलाबदल केली तरी ठेका जराही बिघडत नाही. चुकीचं गाणंही बरोबर गाण्याइतकंच गोड लागतं.

काही दिवसांत अख्खा वर्ग ते गुणगुणायला लागला. पालकसभेत मोठ्या बाईंनी कौतुकाने सांगितलं, "आमच्याकडे शरीरशास्त्रसुद्धा गाण्यातून शिकवतात." नव्या बाई लाजल्या. मी खिळ्यावर लटकून विचार करत होतो, की आता हे कुठे जाऊन फुटतंय ते बघायचं.

ते परीक्षेत फुटलं. उत्तरपत्रिका तपासायला बाहेर जायच्या होत्या. त्यातून परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या शिक्षिका आजारी पडल्या, म्हणून वर्गावर लक्ष ठेवायला नव्या बाईंनाच उभं केलं. आणि प्रश्न आला तो नेमका हृदयाचा. काही दिवसांनी तपासनीस सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून शाळेत हजर! मोठ्या बाईंच्या खोलीत रंगकाम चाललं होतं आणि रंगाच्या वासाने सरांना सटासट शिंका यायला लागल्या, म्हणून सगळी मंडळी संगणक खोलीत येऊन बसली. अशा रीतीने ही चौकशी माझ्या डोळ्यांदेखत झाली. डोळे मला नाहीत, पण तुम्हाला समजलं.

तपासनीस सर म्हणजे काकांचे मोठे बंधू शोभले असते. एकेक पान उलटत ते म्हणाले, "मोठ्या बाई, चुकीचं उत्तर एकाने लिहिलं तर मी गुण कापतो आणि पुढे जातो. पण इथे वर्गच्या वर्ग चुकलाय, आणि सगळ्यांची चूक एकच. वर हा पैलवान! प्रत्येक पेपरात हृदयात पैलवान बसलाय. कुठल्या पुस्तकात आहे हा पैलवान?"

मोठ्या बाईंनी नव्या बाईंकडे बघितलं. नव्या बाईंचा चेहरा उतरला होता. "सर, मी वर्गात बरोबर शिकवलंय. वह्या बघा."

"वह्या मी बघितल्या. वह्यांत बरोबर आहे म्हणूनच तर मला जास्त संशय येतोय," सर म्हणाले. "शिकवलं बरोबर, लिहिलं चूक, तेही सगळ्यांनी सारखं. म्हणजे परीक्षेत कुणीतरी कुजबुजलं. आणि वर्गावर तुम्हीच होतात. कॉपी ठरली तर अख्ख्या वर्गाचा हा पेपर रद्द होईल, हे सांगून ठेवतो."

पेपर रद्द म्हणजे बाईंची नोकरी गेली, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. दारात उभ्या असलेल्या काकांनाही कळलं, कारण त्यांनी पहिल्यांदाच कोणाच्या खिशाकडे बघितलं नाही.

सरांनी एकेका मुलाला आत बोलवायला सुरुवात केली. पहिला आला वर्गाचा मॉनिटर. "सांग, सगळ्या शरीराला रक्त कुठला कप्पा पाठवतो?" मॉनिटरने छताकडे बघितलं, टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला, ओठ हलवले आणि म्हणाला, "उजवा." पुढचा आला. त्यानेही टेबलावर बोटं वाजवली. टक टक, टकटक टक. "उजवा." तिसरीनेही तेच.

सर ताडकन उठले. "बघताय ना मोठ्या बाई? खुणा आहेत यांच्या! बोटांनी उत्तरं पोचवतात. अहो, असली टोळी मी उभ्या जन्मात बघितली नाही!" पुढचा मुलगा आला तसं ते म्हणाले, "दोन्ही हात डोक्यावर ठेव. हं, आता सांग." बिचाऱ्याने हात डोक्यावर ठेवले आणि त्याला काही आठवेचना. तो नुसता आ वासून उभा. मग हळूच त्याची टाच जमिनीवर आपटायला लागली. टक टक, टकटक टक. "पायसुद्धा!" सर ओरडले. मला हसू आवरेना. पण नव्या बाई पदराच्या टोकाला पीळ घालत बसल्या होत्या, ते बघून माझं हसू जिरलं.

मग होयबा आली. हात डोक्यावर ठेवायच्या आधीच रडायला लागली. "सर, ठेका धरल्याशिवाय आठवत नाही हो."

"कसला ठेका?"

"गाण्याचा."

"म्हण बघू."

तिने मुसमुसत, नाक ओढत दोन्ही कडवी म्हटली. पैलवान आला, पोस्टमन आला. सरांचं तोंड उघडं ते उघडंच. "हे गाणं तुम्हाला कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

होयबाने नव्या बाईंकडे बघितलं. मग मान खाली घातली. "आम्हीच शोधलं."

दाराबाहेर कान लावून उभी असलेली पोरं एका सुरात ओरडली, "हो सर, आम्हीच शोधलं!" मॉनिटरचा आवाज सगळ्यात मोठा. आयुष्यभर हो म्हणत आलेल्या मुलीने पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं आणि सगळ्या वर्गाने तिला साथ दिली होती. मी सुन्न झालो. एवढी माया मी कुठल्या आवाजात ऐकली नव्हती, आणि ती खोटं बोलत होती!

सरांनी संगणक लावायला सांगितला. काकांनी मला खिळ्यावरून काढलं, शर्टाला पुसलं आणि सरांच्या डोक्यावर चढवलं. गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला सरांनी नकळत मान डोलवली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या कडव्याला त्यांचा जबडा आवळला. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, पुस्तक उघडलं आणि गाणं परत लावलं. शेवटची ओळ संपून पुढची खरखर ऐकू येईपर्यंत त्यांनी मला काढलं नाही.

"कॉपी नाही," ते शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "पोरांनी इंटरनेटवरून काहीतरी उचललं आणि पाठ केलं. या उत्तराचे गुण जातील, बाकी पेपर राहील. शिक्षिकेचा यात दोष नाही, असं लिहितो." आणि त्यांनी पेन उघडलं.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय विचार केला ते सांगतो. मी म्हटलं, आता ही बाई गप्प बसणार. माणसांचा मला अनुभव आहे. सुंठीवाचून खोकला गेला, मुलं वाचली, नोकरी वाचली, घरी वडिलांची औषधं चालू राहतील. कोण कशाला तोंड उघडेल? मीही उघडलं नसतं.

"सर, तसं लिहू नका," नव्या बाई म्हणाल्या.

होयबाने मान वर केली. "बाई, नको ना!"

"मुलांनी नाही शोधलं. मी शोधलं. मीच पाठ करायला सांगितलं." बाईंनी पदराचा पीळ सोडला. "मी पहिलंच कडवं ऐकलं होतं. घंटा झाली म्हणून उठले. लाखो लोकांनी ऐकलंय, तर कोणीतरी नीट ऐकलंच असेल, असं धरून चालले. त्यातल्या प्रत्येकाने हेच धरलं असणार."

मग मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मी तर पालकसभेत कौतुक केलं त्याचं. मीसुद्धा पहिलंच कडवं ऐकलं होतं." पण मोठ्या बाईंची नोकरी कायम होती, नव्या बाईंची नव्हती, हा फरक मला त्याही वेळी दिसला. सरांनी लिहायचं ते लिहिलं. मुलांचा पेपर वाचला. नव्या बाईंना त्या वर्षी कायम केलं नाही. "आणखी एक वर्ष बघू," एवढंच त्यांना सांगण्यात आलं. घरी फोन करताना त्या म्हणाल्या, "होईल बाबा, पुढच्या वर्षी होईल," आणि फोन ठेवल्यावर माझ्या गादीवर डोळे टेकून रडल्या. माझी गादी आधीच सोलवटलेली, त्यात ती भिजली.

नोकरीपेक्षाही दुसरी एक गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. वर्ग गप्प झाला होता. गुण गेले याचा राग होता का, बाईंसाठी खोटं बोलूनही बाईंनी ते फुकट घालवलं याचा होता, मला सांगता येणार नाही. पण बाई शिकवायला लागल्या की पोरं वहीत डोकं खुपसायची. होयबा तर वरही बघायची नाही. गेलेले गुण वर्गात सगळ्यात जास्त तिलाच लागले होते. तिचं 'हो बाई' ऐकू येईनासं झालं आणि तिला चिडवायचंही कोणाच्या मनात आलं नाही.

पुढे पचनाचा धडा आला. बाई मुलांना घेऊन संगणक खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आज यावरचा एक व्हिडिओ लावणार आहे." मग होयबाचा हात वर गेला.

"बाई, हा तुम्ही शेवटपर्यंत ऐकलाय?"

बापरे! मला वाटलं, आता काही खरं नाही. काका दारात थिजले. बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. दुसरी कोणी असती तर पोरीला बाकावर उभं केलं असतं. बाई म्हणाल्या, "ऐकलाय. दोनदा. पुस्तक शेजारी ठेवून. त्यात एका जागी चूक आहे. कुठे, ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा."

वर्गात कुजबुज उठली. आणि मग, किती दिवसांनी, पोरांची हेडफोनसाठी झटापट झाली! होयबाने मला पकडून डोक्यावर चढवलं. आता ती ठेका धरत नव्हती. थांबवत होती, मागे नेत होती, पुस्तकात बोट ठेवत होती. मध्येच तिने मान ताठ केली, घोटभर पाणी प्यायली आणि गळ्याला हात लावून बसली. मला तिचं गिळणं ऐकू आलं.

"बाई, सापडली!"

"सांग. पित्ताची ना? पित्त जठरात तयार होतं म्हणतोय तो. ते यकृतात होतं."

"नाही बाई. ती पण असेल. मला दुसरी सापडली." ती उभी राहिली. "तो म्हणतो, घास आपल्या वजनाने खाली घसरत जातो. पण मग मी आडवी पडून पाणी प्यायले तरी ते पोटात कसं जातं?"

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. अन्ननलिकेचे स्नायू आवळून आवळून घास पुढे ढकलतात, असं तिथे लिहिलं होतं. दोनदा ऐकूनही ही जागा बाईंच्या हातून निसटली होती. त्यांनी होयबाकडे बघितलं. डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"हो बाई," बाई तिला म्हणाल्या. "हो बाई, बरोबर."

सगळा वर्ग खो खो हसला आणि होयबा त्यात सगळ्यात जोरात.

पुढच्या वर्षी नव्या बाई कायम झाल्या. ही बातमी काकांनी आणली, म्हणून आधी मी ती खरी मानली नाही. बाईंनी घरी फोन लावून वडिलांना सांगितलं, तेव्हा मानली. होयबाला आता कोणी त्या नावाने हाक मारत नाही. तिने त्या गाणाऱ्याला दुसऱ्या कडव्यातली चूक कळवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही आणि येईल असं मला वाटतही नाही. तिला वाटतं. खोकणाऱ्या मास्तरांना मात्र आता आमच्याकडे पुरे ऐकतात, खोकल्यासकट.

आता माझे थोडेच दिवस राहिलेत. नवे, बिनतारेचे हेडफोन येणार असं ऐकतो. येवोत बापडे. माझी एकच विनंती आहे. माझी तार मनगटाला गुंडाळून ओढू नका, गाद्या टोकरू नका, आणि आमच्यातल्या कोणाकडूनही आलेला धडा, कितीही गोड असला तरी, अर्ध्यावर सोडून दुसऱ्याला देऊ नका. मला कानावर खुशाल चढवा मित्रांनो, पण तुमचा कान मला देऊन टाकू नका.